गोळ्यांची भिशी

आईने आजोबांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरवरून थेट पुढच्या रविवारवर आणलं आणि ही बातमी आम्हाला पोळ्या लाटता लाटता, आमच्याकडे पाठ फिरवून सांगितली. आई पाठ फिरवून बोलते तेव्हा समजायचं, की एक तर तिला रडू येतंय किंवा तिला भांडण नकोय. या वेळी दोन्ही होतं.

कारण चक्कर. तीन आठवड्यांत आजोबांना चार वेळा चक्कर आली होती. एकदा जिन्यात, एकदा देवापुढून उठताना, एकदा इंडियन ग्रोसरीत लोणच्यांच्या बरण्यांसमोर (बरण्या वाचल्या, थँक गॉड) आणि एकदा दोडक्यांच्या वाफ्यात. माझ्या बाबाने त्यांना अर्जंट केअरला, म्हणजे इथल्या तातडीच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. डॉक्टरने विचारलं, "औषधं कोणती घेता?" आजोबांनी शर्टाच्या खिशातली चिठ्ठी पुढे केली. बीपीची एक, ॲसिडिटीची एक. बस. मग चक्कर का येते, ते कोणालाच कळेना.

"इथे पडलात आणि हाड मोडलं तर?" आई म्हणाली. "तुमचा तो व्हिजिटर इन्शुरन्स फॉर्म भरायलाच महिना लावतो. अमरावतीला निदान तुमचे नेहमीचे डॉक्टर आहेत."

"मंजू, दोडक्याला आत्ता कुठे फुलं लागलीत गं," आजोबा म्हणाले.

"दोडके अमरावतीलाही मिळतात, बाबा."

"मिळतात. मी लावलेले नाही मिळत."

आजोबा त्या रात्री जेवले अर्धीच पोळी, आणि तीही दुधात कुस्करून. आमच्या घरात दुधात कुस्करलेली पोळी म्हणजे निषेध मोर्चा.

आता दोडक्यांचं सांगते, म्हणजे सिस्टर जोनचं सांगावं लागेल. पार्सिपनीत आमच्या घरापासून दहा मिनिटांवर सेंट वॉलबर्गा नावाचं कॅथलिक हॉस्पिटल आहे. शंभरेक वर्षांपूर्वी ते नन्सनी सुरू केलं. आता त्यांतल्या तीनच उरल्यात, आणि सिस्टर जोन ही त्यांतली सर्वांत लहान. वय एक्क्याऐंशी. पायात जांभळे स्नीकर्स, गळ्यात क्रॉस आणि शिट्टी. ती हॉस्पिटलचं कम्युनिटी आउटरीचचं खातं चालवते. मला पहिल्याच दिवशी तिने समजावलं होतं, "जे आजारी इथवर पोचतात, त्यांना वरच्या मजल्यावरचे डॉक्टर बघतात. जे पोचत नाहीत, ते माझे."

म्हणून तिची व्हॅन लॉन्ड्रोमॅटच्या पार्किंगमध्ये उभी राहून कपडे वाळेपर्यंत लोकांचं बीपी मोजते. म्हणून हॉस्पिटलच्या मागे तिची बाग आहे. कोणीही यावं, एक वाफा घ्यावा, काय पिकेल ते अर्धं आपलं, अर्धं गरजूंना वाटणाऱ्या फूड पँट्रीचं. आजोबांनी मे महिन्यात तिथे दोडके लावले. आयुष्यभर विजेच्या खात्यात खांबांवर तारा ओढलेला माणूस, त्यांनी वेलांसाठी असा मांडव बांधला, की हॉस्पिटलचा मेंटेनन्सवाला येऊन त्याचे फोटो काढून गेला.

आणि मी? मी गेल्या वर्षी शाळेचे समाजसेवेचे सर्व्हिस अवर्स पुरे करायला तिकडे गेले. तेव्हा मी वर्गात हात वर करायचे नाही. उत्तर येत असेल तर मुळीच नाही. मी कागद लावायचं काम मागितलं, सिस्टरने ते दिलं नाही. दारात उभं केलं. येणाऱ्या प्रत्येकाला गुड मॉर्निंग म्हणायचं, नाव विचारायचं. पहिल्या तीसेक जणांना मी काय म्हणाले ते देवाला ठाऊक. चाळिसाव्याच्या आसपास कुठेतरी माझा आवाज सापडला, आणि तेव्हापासून तो बंद करणं घरात कोणाला जमलेलं नाही.

तर सिस्टरचा आणखी एक कार्यक्रम असतो, पिशवी दिवस. घरातली सगळीच्या सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायची. चालू असलेली, सोडून दिलेली, चूर्णं, तेलं, सगळं. हॉस्पिटलची फार्मसिस्ट प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघते आणि कशाबरोबर काय चालतं, काय नाही, ते सांगते. फुकट, इन्शुरन्स न विचारता. पुढचा पिशवी दिवस शनिवारी होता. तिकीट रविवारचं, पण त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या. म्हणजे शनिवारनंतर आमच्याकडे आठ दिवस होते.

"आजोबा, शनिवारी चलायचं," मी म्हणाले. "सगळ्या गोळ्या घेऊन."

"माझ्या दोनच तर आहेत."

"आणि डब्यातल्या?"

आजोबांनी किचनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "डब्याचं नाव काढायचं नाही, अनया. तू शपथ घेतली आहेस."

घेतली होती. चूक माझीच. जूनमध्ये मी त्यांना न्यायला तळ्याकाठच्या बाकावर गेले, तेव्हा तिथे बैठक चालू होती. बाकावर रोज सकाळी भारतातून आलेले आजीआजोबा बसतात. कायमचे सभासद तीन. आमचे आजोबा, डोंबिवलीचे देवदत्त आजोबा आणि पुण्याच्या कांचन आजी. मध्ये आम्रखंडाचा रिकामा पिवळा डबा, आणि डब्यात गच्च गोळ्यांच्या स्ट्रिप्स. इकडे येणारा प्रत्येक जण सहा महिन्यांची औषधं बांधून आणतो. जाताना ज्याच्या उरतात तो डब्यात टाकतो. ज्याच्या कमी पडतात तो घेतो. कारण इथे डॉक्टरकडे जायचं म्हणजे लेकीने, सुनेने सुट्टी काढायची, आणि ते कोणालाच नको असतं. भारतात भिशीत पैसे फिरतात, इथे गोळ्या फिरत होत्या. आजोबा खजिनदार. आणि मला वाटलं, सो क्यूट! मी गणपतीची शपथ घेऊन मोकळी झाले.

"पण आजोबा, तुम्ही घेता का त्यातलं काही?"

"बाकावरचा हेमचंद्र महिन्यापूर्वी भारतात परत जाताना एक स्ट्रिप देऊन गेला. साधीच आहे. इथे आल्यापासून माझं डोकं जड असायचं ना, तसं त्याचंही असायचं, आणि या गोळीने फार गुण आला म्हणे. रोज रात्री एक घेतो."

"हे अर्जंट केअरच्या डॉक्टरला सांगितलंत?"

"ते औषध थोडंच आहे? ती हेमचंद्रची गोळी आहे."

आईला सांगावं तर शपथ, न सांगावं तर रविवार. शेवटी मी एवढंच म्हणाले, "शनिवारी चला. बाकीचं तुम्ही ठरवा."

ते आले, पण एकटे नाही. बाकावरची मंडळी कुठेच एकटी जात नाही. देवदत्त आजोबा टोपी घालून, कांचन आजी कांजीवरम नेसून, कारण हॉस्पिटलला जाताना नीटनेटकं असावं. प्रत्येकाच्या हातात एकेक पिशवी. सिस्टर जोनला बघताच देवदत्त आजोबांनी शर्टाची बाही वर केली आणि दंड पुढे केला. सिस्टरने तो प्रेमाने हातात घेऊन हलवला.

"बीपी नाही बघणार का?" त्यांनी मला विचारलं.

"त्या नर्स नाहीत, आजोबा. त्या इथल्या बॉस आहेत."

"मग आधी सांगायचं नाही का!" म्हणत त्यांनी बाही खाली केली आणि नमस्कार केला.

फार्मसिस्टचं नाव मारिसेल. मूळची फिलिपिन्सची, हसली की डोळे मिटतात. मी मध्ये बोलून भाषांतर करायला निघाले तर तिने मला अडवलं. "तू नाही, डार्लिंग. तू नात आहेस, आणि लहान आहेस. इथे नियम आहे." तिने टेबलावर टॅबलेट उभा केला. स्क्रीनवर हेडफोन लावलेल्या, कपाळावर छोटी टिकली लावलेल्या एक बाई आल्या.

"नमस्कार. मी मराठी दुभाषी, क्रमांक चार चार एक सात," त्या म्हणाल्या. "इथे जे जे बोललं जाईल ते सगळं मी जसंच्या तसं दुसऱ्या भाषेत सांगणार आहे. काहीही गाळणार नाही, काहीही घालणार नाही. समजलं का?"

"हो हो," तिघंही म्हणाले. विमानात सीटबेल्ट कसा लावायचा ते सांगतात तेव्हा म्हणतात तसं.

आणि मग त्यांना आनंदच झाला. मराठी बाई! टॅबलेटमध्ये!

"क्रमांक कसला सांगता," आजोबा म्हणाले, "आडनाव सांगा."

"तो माझं आडनाव विचारतोय," बाईंनी मारिसेलला इंग्रजीत सांगितलं.

"काय म्हणाली?" आजोबांनी मला विचारलं.

"तो विचारतोय, काय म्हणाली," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

"नागपूरकडच्या वाटतात," कांचन आजी देवदत्त आजोबांच्या कानाशी म्हणाल्या, "पण टिकली छान आहे."

बाईंनी तेही सांगितलं. मारिसेलने वाकून टिकली बघितली आणि मान डोलावली. मी ओठ चावून उभी.

मग काम सुरू झालं. मारिसेलने आजोबांचं बसून बीपी घेतलं, मग त्यांना उभं केलं आणि परत घेतलं. उभं राहिल्यावर आकडा धाडकन खाली आला. ती गंभीर झाली. "हे फार कमी आहे. एका साध्या गोळीने इतकं खाली जायला नको. तुम्ही आणखी काही घेता का? कोणी दिलेलं, कुठलंही?"

बाईंनी मराठीत विचारलं. आजोबांनी छताकडे बघितलं. "नाही."

मी त्यांच्याकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

तेवढ्यात देवदत्त आजोबा पुढे झुकले, तोंडावर हात धरला, आणि आजोबांच्या कानात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अधू कानांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "दिगंबरराव, डब्याचं अजिबात बोलू नका हं. डबा माझ्या पिशवीत तळाशी आहे, वर शाल टाकलीय."

टॅबलेटमधून स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत आवाज आला, "डब्याचं अजिबात बोलू नका. डबा माझ्या पिशवीत तळाशी आहे, वर शाल टाकलीय."

मारिसेलने देवदत्त आजोबांच्या पिशवीकडे बघितलं. सिस्टर जोनने बघितलं. शाल खरंच दिसत होती, मरून रंगाची.

"अहो बाई!" देवदत्त आजोबा टॅबलेटवर ओरडले. "तुम्ही आपल्या ना? आपल्यातलं बोलणं असं बाहेर सांगायचं असतं?"

"तो म्हणतोय, तुम्ही आपल्या ना..." बाईंनी तेही सांगायला सुरुवात केली. पण त्यांच्या ओठांचे कोपरे आता थरथरत होते. मग त्या मराठीत म्हणाल्या, "मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, काका," आणि हेही त्यांनी इमानदारीत इंग्रजीत सांगितलं.

दुभाषी बाईंसमोर गुपित बोलणं बाकी कोणाला जमलं नसतं, आमच्याच लोकांना जमलं. स्क्रीनवर मराठी बाई दिसली, की ती घरचीच.

कांचन आजींनी पिशवी उचलली. "चला. मी म्हणतच होते येऊ नका म्हणून. आता हे लोक पोलिसांना कळवणार, आणि व्हिसाच्या लोकांना. माझ्या मुलाला फोन जाईल. त्याच्या ग्रीन कार्डचं चाललंय."

देवदत्त आजोबाही उठले. आजोबा उठायला गेले, डोळे मिटले आणि टेबल धरून उभे राहिले. तीच चक्कर. पाचवी.

तेव्हा मी बोलले. शपथेचं काय, याचा मी विचारच केला नाही. डबा आता सगळ्यांना माहीत होता, पण तो उघडायचा की शालीखाली ठेवायचा, हे अजून ठरायचं होतं.

"बसा सगळे," मी म्हणाले. दारात दोनशे लोकांना गुड मॉर्निंग म्हणायचा आवाज तो, मोठाच निघाला. "कांचन आजी, तुम्हीसुद्धा. प्लीज. आजोबांना अशीच चक्कर येत राहिली तर आई त्यांना पाठवणार आहे. आजोबांना जायचं नाहीये. मला त्यांनी जायला नकोय. आणि कारण तुमच्या डब्यात आहे की नाही, ते बघायला पाच मिनिटं लागतील. यांना पोलीस बोलवायचे असते तर सिस्टरने आल्या आल्या तुम्हाला कॉफी दिली असती का?"

टॅबलेटमधून माझं सगळं भाषण इंग्रजीत गेलं. पहिल्यांदाच मला कोणीतरी भाषांतरात ऐकवत होतं, आणि ऑनेस्टली, मी इंग्रजीत जास्त हुशार वाटत होते.

सिस्टर जोन देवदत्त आजोबांच्या शेजारी येऊन बसली. "मी एक्क्याऐंशीची आहे," ती म्हणाली. "चाळीस वर्षं इथे आहे. मी आजवर फक्त एकदा पोलिसांना फोन केला, आणि तो बागेत शिरलेल्या अस्वलासाठी. मला तुमचं आडनावसुद्धा नकोय. तुमचा मित्र चक्कर येऊन पडू नये, एवढंच हवंय."

बाईंनी ते मराठीत सांगितलं. अस्वलापाशी त्यांचा आवाज जरा अडखळला, पण गाळलं नाही.

देवदत्त आजोबांनी आजोबांकडे बघितलं. "खजिनदार तुम्ही. सांगा."

आजोबा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "काढा डबा. हेमचंद्रला धरून चौघांनी मिळून ठेवलेला आहे, त्यातून कोणाचं वाईट होत असेल तर ती भिशी काय कामाची?"

शाल निघाली. डबा निघाला. मारिसेलने झाकण उघडलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. "ओ माय गॉड. माझ्या लोलाकडे अस्साच आहे! आइस्क्रीमचा डबा!" लोला म्हणजे त्यांच्याकडे आजी, हे तिने आम्हाला समजावलं. तिची आजी शेजारणींना गोळ्या वाटते आणि वर कोणाला कशाने गुण आला, ते वहीत लिहून ठेवते. ते ऐकून कांचन आजी परत खुर्चीवर बसल्या. चूक जगभर चालते म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

मारिसेलने हेमचंद्र आजोबांची स्ट्रिप उलटी केली आणि आजोबांच्या स्वतःच्या स्ट्रिपशेजारी ठेवली. एक निळी, एक लाल-पांढरी. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. पण मागच्या बारीक अक्षरांत, दोन्हींवर एकच औषध लिहिलेलं. आजोबांची बीपीची गोळी चाळीसची, हेमचंद्र आजोबांची तीच, ऐंशीची.

"म्हणजे मी सकाळी बीपीची घेत होतो," आजोबा सावकाश म्हणाले, "आणि रात्री परत बीपीचीच?"

"दुप्पट," मारिसेल म्हणाली. "सकाळची धरून तिप्पट."

"आणि डोकं हलकं वाटतंय म्हणून मी खूश!"

"दिगंबरराव, डोकं हलकं नव्हतं, ते रिकामं झालं होतं," कांचन आजी म्हणाल्या. बाईंनी सांगितलं, सिस्टर हसत सुटली.

त्याच दुपारी सिस्टरच्या फ्री क्लिनिकच्या डॉक्टरांनी आजोबांना तपासलं. लाल-पांढरी स्ट्रिप बंद, स्वतःची गोळी कधी आणि किती घ्यायची ते लिहून दिलं, आणि गुरुवारी परत यायला सांगितलं. बाकी डबा रिकामा व्हायला एक तास लागला. मुदत संपलेल्या, दुसऱ्यांच्या, कोणाच्या ते कोणालाच आठवत नसलेल्या, सगळ्या हॉस्पिटलच्या टाकाऊ औषधांच्या लाल पेटीत गेल्या. देवदत्त आजोबा प्रत्येक स्ट्रिपला निरोप देत होते. ज्यांना खरंच कमी पडत होतं त्यांची नावं सिस्टरने लिहून घेतली. पाहुणे असोत, इन्शुरन्स नसो, क्लिनिक त्यांना लिहून देईल आणि परवडणारी गोळी शोधून देईल, म्हणाली. त्यासाठी कोणाच्या सुनेने सुट्टी काढायची गरज नाही, व्हॅन न्यायला येईल.

"पण तुम्हीही बाकावर या," कांचन आजी मारिसेलला म्हणाल्या. "आम्ही रोज दहाला असतो."

मारिसेलने खरंच फोन काढून मंगळवार लिहून घेतला. "म्हणजे शाखा उघडली," देवदत्त आजोबा म्हणाले.

राहिली आई.

ती न्यायला आली तेव्हा आजोबांनी तिला पार्किंगमध्येच सगळं सांगितलं. गाडीचं दार उघडं, आई स्टीअरिंगला धरून बसलेली. मी मागच्या सीटवर.

"तीन आठवडे," आई म्हणाली. "तीन आठवडे मी रात्री तुमच्या खोलीबाहेर येऊन श्वास ऐकत होते, बाबा. आणि तुम्ही मला एक गोळी सांगितली नाहीत?"

"तू ऑफिसमधून येतेस, मग मुलीचं, मग स्वयंपाक. त्यात मी आणखी किती मागू?"

"मागा!" आई ओरडली. शेजारच्या गाडीतल्या माणसाने वळून बघितलं. "मागा ना! तुम्ही नाही मागितलंत की मला तिकिटं बदलावी लागतात!"

मग ती रडली, मग हसली, मग आजोबांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि तिने त्यात नाक शिंकरलं. मी पहिल्यांदा आईला कोणाची तरी मुलगी असलेलं बघितलं. विचित्र वाटलं. छानही वाटलं.

"गुरुवारी बघू," ती म्हणाली. "बीपी नीट असेल तर. नाहीतर रविवार पक्का."

सोमवारी आजोबा जिना चढून वर आले आणि मोठ्याने म्हणाले, "चढलो!" मंगळवारी दोनदा चढले, काम नसताना. बुधवारी आई म्हणाली, बाबा पुरे. गुरुवारी मारिसेलने बसून बीपी घेतलं, उभं करून घेतलं, आणि डोळे मिटून हसली.

आईने तिथूनच, हॉस्पिटलच्या लॉबीतून, एअरलाइनला फोन लावला. स्पीकरवर. चाळीस मिनिटं संगीत. मग एक माणूस आला. रविवारचं तिकीट परत ऑक्टोबरवर न्यायचं आहे, असं आईने सांगितलं.

"बदलाचं कारण?" त्याने विचारलं.

आईने आमच्याकडे बघितलं. मी म्हणाले, "दोडके!" आजोबा म्हणाले, "सांग, माझी इच्छा." सिस्टर जोन जाता जाता थांबली होती, तिने काही न कळताच दोन्ही अंगठे वर केले.

"मेडिकल," आई म्हणाली.

"ओके मॅम. मेडिकल कारण असेल तर ऑक्टोबरमध्ये बोर्डिंगच्या वेळी डॉक्टरचं पत्र लागेल, की पॅसेंजर प्रवासाला फिट आहे."

आईने ते आजोबांना मराठीत सांगितलं. आजोबांनी सिस्टरकडे बघितलं, मारिसेलकडे बघितलं, आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

"मिळणार नाही म्हणावं," ते म्हणाले. "इथले लोक फार कडक आहेत. घाई करत नाहीत."